तहसीलदार उठत नाहीत

आठ दिवसांतून एकदा नळ येणाऱ्या शहरात माणसाला साठवायची सवय लागते. ड्रम, हंडे, कळश्या, शेवटी चहाचं पातेलंसुद्धा! माझं किश्श्यांच्या बाबतीत तसं झालंय. मी फारशी बोलत नाही, त्यामुळं पाहिलेलं-ऐकलेलं आतच साठत जातं. आता काठोकाठ भरलंय, म्हणून थोडं ओतते.

तर, मी कुत्र्यांचं मालिश आणि पाण्यातले व्यायाम शिकते. हो, कुत्र्यांचं. वर्षभराचा कोर्स आहे. ज्याचं ऑपरेशन झालंय, ज्याच्या मागच्या पायांतला जोर गेलाय, अशा कुत्र्याला पुन्हा चालतं करायचं. लग्न झाल्यापासून हे मी इतक्यांना सांगितलंय, की आता झोपेतही सांगते म्हणे! असं नवरा म्हणतो. वाळूजच्या कंपनीत तीन शिफ्ट करणारा माणूस माझी झोप कधी ऐकतो, कोण जाणे.

सासूबाईंनी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा त्या मेथी निवडत होत्या. हात थांबला नाही.

"इथं बाळंतिणीला मालिशवाली मिळंना, आन् तू कुत्रं चोळणार?"

नाही म्हणाल्या नाहीत. फक्त दुसऱ्या दिवशी बी.एड.चा फॉर्म आणून फ्रिजवर ठेवला. वर मिठाची बरणी, उडू नये म्हणून.

"हे वर्ष तुझं, वैशाली. पास झालीस तर झालीस. नाय तर हा फॉर्म भरायचा."

तेव्हापासून आमच्याकडं मीठ घ्यायचं म्हणजे भविष्य उचलून बाजूला ठेवावं लागतं!

*

आमच्या सेंटरच्या मॅडम जनावरांच्या डॉक्टर. सेंटरमध्ये काचेची एक मोठी पेटी आहे, तिच्या तळाशी चालायचा पट्टा. कुत्र्याला आत उभं करून कोमट पाणी सोडायचं. पाणी अंगाचं वजन उचलतं, दुखऱ्या पायांवर भार येत नाही, आणि कुत्रं चालायला लागतं. साधी गोष्ट आहे.

पण यंदा पाऊस नावापुरता पडला. आणि सेंटर भर वस्तीत, दर्शनी भागाला काच!

एक दिवस गल्लीतल्या सात-आठ बायका दारात. पुढची कडाडली, "आमची लेकरं दोन दिवसाआड आंघोळ करायलीत, आन् तुमचं कुत्रं रोज पोहायलंय!"

मॅडमनी समजावलं. हे टँकरचं पाणी आहे, रोज गाळून तेच वापरतो, महिन्यातून एकदाच बदलतो. बायका आत येऊन सगळं बघून गेल्या. जाताना तीच बाई हळूच म्हणाली, "बदलाल तव्हा सांगा. फरशी पुसायला होतंय."

पुढच्या महिन्यात बादल्यांची रांग लागली. आणि आठवड्याभरात तीच बाई पुन्हा दारात!

"मॅडम, घरात कुत्रं नाय आमच्या, तरी फरशीवर केस कुठून यायलेत?"

*

टँकरवाल्या मामांना वाटायचं, हा माणसांचाच दवाखाना. पाइप लावायला एकदा आत आले, तर पेटीत एक लॅब्रॅडोर लाइफ जॅकेट घालून, जीभ बाहेर काढून, निवांत चालतोय.

मामांनी काचेला तळहात लावून पाहिला. मग म्हणाले, "पाणी गरम हाय का हे?"

"कोमट आहे, मामा."

"वीस वर्षं टँकर चालवतोय. माझी कंबर गेलीय पार." आवाज खाली आणला. "ह्याचं झालं की मला सोडता का अर्धा तास?"

*

माझ्याबरोबर शिकणारी नसीम शहागंजची. बोलण्यात मी जितकी कमी, तितकी ती जास्त. मॅडमना सरासरी बरोबर मिळते.

नसीमकडं एका बिल्डरचा रॉटवायलर होता. वजन इतकं की पेटीतला पट्टा कुरकुरायचा. बिल्डर स्वतःही त्याच अंगाचे. बायपासकडं आणखी एक स्कीम उभी राहतेय, हे ते आम्हाला दर वेळी सांगायचे, आम्ही दोघी मिळून तिथलं एक बाथरूम तरी घेऊ शकणार होतो का, देव जाणे.

नसीमनं कुत्र्याला डाएट लिहून दिलं. महिन्यानं वजन केलं. कुत्रं जैसे थे!

"डाएट पाळलं नाही ना साहेब?"

"पाळलं की! त्याच्या वाटचे पराठे मी खाल्ले रोज."

"मग याचं वजन कमी का नाही?"

"अहो, मी खाताना तो असं बघतो... मग माझ्यातलं अर्धं देतो त्याला."

नसीम माझ्याकडं वळून म्हणाली, "बाजी, पट्टे पे इनकूच चलाना पडता!"

*

सासूबाई पाहुण्यांना माझं काम सांगताना 'कुत्रं' हा शब्द गाळतात. "सून फिजिओ करते," एवढंच. त्याचे परिणाम मी भोगते.

वेरूळच्या मावशी आल्या, त्या थेट खांदा घेऊनच. "बघ गं जरा, हात वर जात नाय." सासूबाईंनी माझ्याकडं असं पाहिलं, की मी गपचूप बसले आणि मालिश सुरू केलं. मला येतं तसंच. मानेपासून खाली, हलक्या हातानं, लय धरून. मावशींचे डोळे मिटले. श्वास लांब झाला. सैल पडल्या. आणि माझ्या तोंडातून सवयीनं निघून गेलं,

"गुड गर्ल!"

सासूबाईंच्या हातातला कप बशीवर वाजला.

मावशींनी मात्र वेरूळला जाऊन सगळीकडं सांगितलं, "पोरीचा हात लई गुणाचा. आन् पेशंटशी इंग्लिशमधी बोलती!"

*

आता तहसीलदार.

आमच्या शेजारचे कुलकर्णीकाका तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले. निवृत्त झाल्या झाल्या त्यांनी डॅशहुंडचं पिल्लू आणलं आणि त्याचं नाव ठेवलं तहसीलदार.

का, तर काका म्हणतात, "तीस वर्षं मी त्यांच्यासमोर उभा राहिलो. आता मी म्हणतो, 'तहसीलदार, बस!' आणि तो बसतो!"

कचेरीतला एक नियम मात्र काकांनी घरी पाळला. साहेबांच्या आधी स्टाफनं पाणी प्यायचं नाही. म्हणून मंगळवारी नळ आला की पहिला वाडगा तहसीलदाराचा. अंगणातल्या नळाशी तो पळत जाऊन उभा राहायचा, काका वाडगा धरायचे, मग घरातले हंडे.

पुढं त्याच्या पाठीचा मणका सरकला आणि मागचे दोन्ही पाय गेले. ऑपरेशन झालं, पण तो उठेना. तेव्हापासून काका वाडगा अंथरुणाशी नेऊन द्यायला लागले.

माझ्या परीक्षेसाठी मला एक केस पूर्ण करायची होती: परीक्षकांसमोर, पेशंटच्या घरी, आधाराशिवाय दहा पावलं. मी तहसीलदाराला घेतलं. तीन महिने मालिश, तीन महिने पाण्यातली पेटी. पाण्यात मस्त चालायचा! जमिनीवर ठेवला की पोत्यासारखा बसायचा.

"कचेरीतली फाईल बरी," काका उसासा टाकायचे. "वर्षातून एकदा तरी हलायची."

मी म्हटलं, पोटाखालून एखादं मऊ कापड घालून मागची बाजू उचलून धरत जा. दुसऱ्या दिवशी काकांनी जरीकाठाची शाल आणली. निरोप समारंभात खऱ्या तहसीलदारांच्या हस्ते मिळालेली!

"सहा वर्षं कपाटात होती," काका म्हणाले. "आज पहिल्यांदा उपयोगी पडली."

*

परीक्षेचा दिवस आला तो नेमका मंगळवार.

पुण्याहून परीक्षक आले. उंच, चष्मा, हातात फॉर्म. काकांच्या अंगणात मी, मॅडम, काका. मधोमध तहसीलदार, बसलेला. शेजारच्या भिंतीपलीकडं सासूबाई, हातात पाइप घेऊन नळाची वाट बघत. म्हणजे तसं म्हणत होत्या. स्टूलवर चढून नळाची वाट बघणारी बाई मी तरी दुसरी पाहिली नाही.

"चालवा," सर म्हणाले.

मी हाक मारली. बिस्किट दाखवलं. पाठीवरून हात फिरवला. काका गयावया करत होते, "तहसीलदार, ऊठ रे बाबा! ऊठ!" तीस वर्षांचा हिशेब उलटा फिरला होता. तो ढिम्म! सरांनी घड्याळ पाहिलं. मॅडमनी माझ्याकडं पाहिलं नाही. मला डोळ्यांसमोर मिठाची बरणी दिसायला लागली.

सर शून्य लिहायला फॉर्मवर वाकले.

आणि भिंतीपलीकडून सासूबाई ओरडल्या, "नळ आलाऽऽ!"

काका पळाले, मोटर लावायला. सांगायला लाज वाटते, पण मीही पळाले, आमच्या घराकडं. फाटकापाशी भान आलं, वळले.

वाडगा कुणीच आणला नव्हता. आणि तहसीलदार अंगणातून चालला होता! पुढचे पाय सरळ, मागची बाजू डावीकडं झोकांड्या खात, पण चारही पाय जमिनीवर. नळापाशी पोचला, खाली सांडलेलं पाणी लपालपा प्यायला आणि समाधानानं बसला.

"सर!" मॅडम किंचाळल्या.

सरांनी मान वर केली. चष्मा सारखा केला. "हा तिथं कसा गेला? कुणी उचलून ठेवला?"

"चालत गेला सर! आत्ता!"

"मी पाहिलेलं नाही."

"मी पाहिलं ना!" भिंतीवरून आवाज आला. सासूबाई, पाइपसकट. "बारा पावलं टाकली. मोजली मी. दहा पाहिजे व्हती ना तुम्हाला? दोन जास्ती लिहा!"

"आपण कोण?"

"मी हिची सासू. माझी सून खोटं बोलत नाय. ती बोलतच नाय."

सर जरा नरमले. "अहो, पण नियम आहे. मला स्वतः पाहावं लागतं. पुन्हा एकदा चालवून दाखवा, लगेच सही करतो."

मी तहसीलदाराकडं पाहिलं. त्यानं पोटभर पाणी पिऊन डोळे मिटले होते.

सासूबाई स्टूलवरून उतरल्या, पाइप ड्रममध्ये सोडला आणि पुन्हा वर चढल्या.

"पुढच्या मंगळवारी दाखवते की. तवर ऱ्हावा आमच्याकडं साहेब, वरची खोली रिकामीच हाय."