पाठमोरा माणूस

गौतम गेल्याचं मला बिदरच्या बसस्थानकावर कळलं. महिना झाला. पुतण्याचा फोन आला, ‘‘काका, गौतमअण्णा गेले. छातीत कळ आली म्हणं.’’ मी मातीला गेलो, पण मागेच उभा राहिलो... त्याच्या बायकोसमोर, सुमनसमोर जायला मला तोंड नव्हतं.

गौतम आणि मी मंठाळजवळच्या आमच्या गावात एकाच वर्गात होतो. पुढं मी शिक्षक झालो, तो गवंडी. त्याच्या शेताशेजारच्या शेतकऱ्याचा विहिरीजवळ खून झाला, तेव्हा दोघांचं बांधावरून भांडण होतं हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्या दिवशी सांजच्याला विहिरीकडे जाणारा एक माणूस मी लांबून पाहिला होता. पाठमोरा, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला. ‘‘गौतमच होता न्हवं, मास्तर?’’ फौजदारानं विचारलं. गावही तेच म्हणत होतं. मी ‘व्हय’ म्हणालो. आणि एकदा म्हणाल्यावर कोर्टातही, शपथेवर, तेच म्हणालो. गौतम माझ्याकडे बघत होता, मी भिंतीकडे. त्याला जन्मठेप झाली.

तो पहिल्यापासून सांगत होता, की त्या वेळी विंचू चावलेल्या मुलीला घेऊन तो तालुक्याच्या दवाखान्यात होता. पण तिथलं रजिस्टर कुणी मागवलंच नाही. सुमननं अपील केलं, तेव्हा ती माझ्या दारात आली. ‘‘मास्तर, तोंड बघितलं न्हाई, एवढंच लिहून द्या.’’ मी म्हणालो, ‘‘वहिनी, माझी नोकरी जाईल.’’ ती गेली, आणि दवाखान्यात खेटे घालत राहिली. शेवटी जुन्या कागदांच्या गठ्ठ्यात ते रजिस्टर सापडलं... मुलीचं नाव, संध्याकाळचे साडेसहा, खाली गौतमची सही. कलबुर्गीच्या हायकोर्टानं तो पुरावा दाखल करून घेतला, सही तपासून घेतली आणि त्याला निर्दोष सोडलं. तोवर नऊ वर्षं गेली होती. मुलीचं लग्न त्याच्याविनाच झालं होतं.

सुटून आल्यावर तो स्वतःच माझ्या घरी आला. चहा हातात आल्यावर म्हणाला,

‘‘मास्तर, तू निस्ती पाठच बघितलीस न्हवं?’’

‘‘व्हय.’’

‘‘मग तेवढंच कामून सांगितलं न्हाईस?’’

त्यानं चहा पिऊन कप खाली ठेवला आणि निघून गेला. त्यानंतर तो समोरून येताना दिसला, की मी वाट बदलायचो.

गेल्या आठवड्यात धीर करून सुमनकडे गेलो. तिनं फळीवरून बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढला. आत बसची तिकिटं ठासून भरलेली. ‘‘हे जातील तिथलं तिकीट ठेवायचे,’’ ती म्हणाली. ‘‘उद्या कुणी विचारलं, कुठं होतास, तर दाखवाया.’’ छापील अक्षरं उडून गेली होती. मागं मात्र पेनानं तारीख, वेळ आणि त्याला पाहिलेल्या माणसाचं नाव. एक तिकीट तिनं माझ्या हातात दिलं. ‘बसवकल्याण गाडी. सकाळी नऊ. मास्तर मागच्या सीटवर. त्यानं मला बघितलं.’

ती सकाळ मला आठवते. तो चढताना दिसला, तसं मी वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं होतं.