अण्णांचा भात, हात लावू नये

आमच्या घरात शास्त्र कळणारा मी एकटाच आहे. हे सगळ्यांना मीच सांगतो, कारण दुसरं कुणी सांगत नाही.

गेल्या वर्षी अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, शुगर निघाली. डॉक्टर म्हणाले, भात कमी करा. अण्णा मूळचे कोकणातले. भात-तूप-मेतकूट पानात नसेल तर ते जेवण नव्हे, नुसता टाइमपास! आठवडाभर मुकाट भाकरी चावली आणि एकदा उठताना हळूच म्हणाले, "पोट भरलं विनू. जेवलो मात्र नाही."

मला गलबलून आलं. ठरवलं, काहीही होवो, अण्णांचा भात परत आणायचा!

मोबाइलवर बरंच वाचलं आणि बायकोला ओट्यापाशी गाठलं.

"माधवी, तांदळात दोन तऱ्हेचा स्टार्च असतो. एक झुडपासारखा, फांद्याच फांद्या. चिकट तांदळात हाच जास्त. पोटात गेला की चहूबाजूंनी कुरतडला जातो, लगेच साखर! दुसरा सरळ धाग्यासारखा. मोकळ्या भातात तो जास्त. शिजवून थंड केला की हे धागे एकमेकांना घट्ट बिलगतात, मग पचायला वेळ लागतो. परत गरम केला तरी बरेचसे सुटत नाहीत!"

"म्हणजे आज शिजवायचा, फ्रीजमध्ये ठेवायचा आणि उद्या खायचा?"

"करेक्ट!"

"अहो, याला शिळा भात म्हणतात."

(मोठ्या शोधांची सुरुवातीला अशीच टिंगल होते.)

घरातला चिकट आंबेमोहोर मी शेजाऱ्यांना देऊन टाकला. माजिवड्याहून लांब दाण्याचा तांदूळ आणला. फ्रीजमधल्या डब्यावर चिठ्ठी लावली: 'अण्णांचा भात. हात लावू नये.' माधवी अण्णांना डब्यातला गरम करून वाढणार, आम्हाला ताजा. रोज ऑफिसातून आलो की मी अण्णांच्या ताटासमोर बसायचो.

"अण्णा, जातोय ना भात?"

"जातोय की!"

अण्णा चवीने खायचे. मी माझा घास घेऊन हळहळायचो, "ताज्याची सर शिळ्याला नाही हो. धन्य आहे तुमची!" यावर माधवीला नेमका ठसका लागायचा.

तीन महिन्यांनी रिपोर्ट आला. शुगर उतरलेली! मग काय, मी लिफ्टमध्येही लोकांना सरळ धागा समजावू लागलो. लोक जिन्याने जायला लागले.

शहाडहून ताई मुद्दाम हे बघायला आली. मला चेव चढला.

"माधवी, दोन्ही भात वाट्यांत आण. मी डोळे मिटून ओळखतो!"

पहिला घास घेतला. दुसरा घेतला. "हा ताजा! रोज खातो, जीभ विसरेल होय?"

डोळे उघडले तर माधवीने तोंडाला पदर लावलेला.

"तो डब्यातला आहे."

"शक्यच नाही! हा तर मी रोज..." आणि मी थांबलो.

अण्णा हसता हसता कवळी सावरत म्हणाले, "अरे, तीन महिने तोच खातोयस!"

"डब्यातल्या पहिल्याच घासाला अण्णांचे डोळे भरले," माधवी म्हणाली. "मला बघवेना. डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, ताजा द्या, पण एकच लहान वाटी. उसळ-भाजी भरपूर आणि जेवून झालं की चालायला लावा. रोज फेऱ्या मारतात ते. आता डबा वाया कशाला घालवायचा? तुम्हाला वाढला!"

माझं डोकंच फिरलं. "अण्णा, तुम्ही तरी सांगायचं ना!"

अण्णांनी डोळे पुसले. "सांगणार होतो रे. पण तू मोबाइल बाजूला ठेवून माझ्यासमोर बसायचास, 'जातोय ना भात?' विचारायचास. तुझी आई गेल्यापासून असं कुणी विचारलं नव्हतं. सांगितलं असतं तर तू बसायचा थांबला असतास."

रडलो मी, ताईसमोर, हातात भाताची वाटी घेऊन.

अजूनही मी रोज समोर बसतो आणि तेच विचारतो. डबाही अजून फ्रीजमध्ये आहे. फक्त चिठ्ठीवरचं 'अण्णांचा' खोडून अण्णांनी थरथरत्या अक्षरात 'शास्त्रज्ञांचा' असं लिहिलंय. 'हात लावू नये' तसंच ठेवलंय. कुणी लावतही नाही!