काट्याची पावती आणि बंद ठेवलेली केबल

मंडळी, आज सेलूच्या एका जिनिंगमध्ये नेटवर्क दुरुस्तीला गेलो आणि लय मजा आली. वजनकाट्यावरचा कॉम्प्युटर सारखा अडकत होता आणि बाहेर कापसाच्या गाड्या खोळंबल्या होत्या.

ऑफिसातला आणि काट्याजवळचा असे दोन नेटवर्क स्विच, म्हणजे केबली जोडायचे डबे, दोन केबलींनी जोडलेले होते. पण डेटा गोल फिरत राहू नये म्हणून स्विचमधल्या 'स्पॅनिंग ट्री' या सोयीनं एक बंद ठेवलेली. सीसीटीव्ही कॅमेरे आणि काटा, सगळा भार एकीवरच.

दोघांचे व्हीलॅन, म्हणजे नेटवर्कमधले कप्पे, वेगळे होतेच. मी सेटिंग बदलून कॅमेऱ्यांना एक केबल दिली, काट्याला दुसरी. एक तुटली तरी दुसरी दोघांचा भार सांभाळेल.

काट्यावरच्या शोभाताईंनी वजन घेतलं. पावती झटक्यात निघाली.

"काय केलं भाऊ तुमी? नवी मशीन बसवली का?"

"न्हाई ताई, बसून असलेल्या केबलला कामाला लावलं."

त्या हसल्या आणि खिडकीतून ओरडल्या, "या रे, घ्या गाड्या आत!"

तुमचं आज काय अडकलेलं सुटलं?