देखसाहेब आणि मागचं दार

देखसाहेब ओरडला की शहाद्याच्या जिनिंगच्या आवारातले बैल दचकत. "चेंडू देख! माले नको देखू, चेंडू देख!" हे त्याचं दिवसभराचं पालुपद. त्याचं खरं नाव आमच्या जिभेला झेपेना, म्हणून सगळ्यांनी त्याला देखसाहेब करून टाकलं. त्यालाही ते इतकं आवडलं की नवख्या माणसाला तो स्वतःच हे नाव सांगे. ताडमाड उंची, उन्हाने सोललेलं नाक आणि भाषा अर्धी विलायती, अर्धी अहिराणी. गोरा माणूस अहिराणीत रागावतो हे ऐकायला बाजारकरी गाड्या थांबवत!

विलायतेत तो पगारी क्रिकेटपटू होता. बाप कोळशाच्या खाणीत राबणारा; हा मात्र वेगवान चेंडूच्या जोरावर खाणीबाहेर निघाला आणि कितीतरी उन्हाळे आपल्या काउंटीसाठी खेळला. खांदा दुखावला तेव्हा गुजरातेतल्या एका संस्थानात शिकवायला आला. तिथले राजेसाहेब वारले, आणि आमच्या जिनिंगच्या क्रिकेटवेड्या शेठने आपल्या संघाला शिकवायला त्याला उचलून आणलं.

"चेंडू टाकाना पगार भेटस?" पहिल्याच दिवशी दगाजीआबांनी विचारलं. दगाजीआबा म्हणजे तापीकाठचे बडे शेतकरी, संघातले सगळ्यांत थोरले, धोतर खोचून खेळणारे.

"भेटस," साहेब म्हणाला, "पन आधी चेंडू कोठे पडस ते देखतस."

आणि तो खरंच तेच बघे. कपाशीचा हंगाम सरून आवार मोकळं झालं की खेळपट्टी म्हणून काथ्याची चटई अंथरून खिळे ठोकायचे, आणि चेंडूचा टप्पा जिथे पडायला हवा तिथे साहेब आपली टोपी ठेवायचा. "मन्ही टोपी मारा!" टोपीला चेंडू लागला की हा पठ्ठ्या लहान पोरासारखा उड्या मारी. मी जिनिंगमध्ये कारकून आणि संघात यष्टिरक्षक. त्या टोप्यांच्या चिंध्या मीच गोळा करत असे. शेठ नवीन टोपी आणून देत आणि दोन दिवसांत तिचीही चाळण होई.

एका संध्याकाळी कापसाच्या गाठींवर बसून त्याने मनातलं सांगितलं. त्याच्या देशात पगारी खेळाडू कप्तान होत नसे. कप्तान घरंदाज, हौसेखातर खेळणारा. मग त्याला धड चेंडू टाकता आला नाही तरी चालेल. साहेब जन्मभर दुसऱ्याच्या मागून मैदानात उतरला होता. "एक डाव माले पुढे चालनं शे," तो म्हणाला. "मांगे दहा माणसं." शेठच्या कानी हे गेलं आणि त्यांनी तिथल्या तिथे त्याला कप्तान केलं! साहेबाने त्या रात्रीपासून बुटांना पांढरा रंग द्यायला घेतला, तो सामन्याच्या दिवसापर्यंत देतच होता.

सामना होता सुरतेच्या वाटेवरल्या एका गावी, गोऱ्या अंमलदारांच्या क्लबाशी. बैलगाड्यांनी नंदुरबार गाठलं, तिथून रेल्वे. गाडीत आम्ही इतके ओरडलो की घसे बसले. पण क्लबात पाऊल टाकतो न टाकतो तोच तिथल्या सेक्रेटरीने साहेबाला गाठलं. पगारी माणूस कप्तान व्हायचा नाही, त्याने बजावलं. कप्तान पॅव्हिलियनच्या मोठ्या दारातून मैदानात उतरेल, पगारी माणसासाठी मागचं फाटक आहे.

साहेबाचा चेहरा उतरला. मला म्हणाला, "तू कप्तान. मोठा दारमाईन जा. मी मांगून येस." मला सेक्रेटरीचा राग आला तो कप्तानपद काढून घेतल्याचा. फाटकाचं मला काहीच वाटलं नाही. मी मंडळींना जसंच्या तसं सांगितलं.

दगाजीआबांचा चेहरा मात्र उजळला! आमच्याकडे पुढच्या दाराने येतो तो पाहुणा. मागच्या दाराने, परसातून, न विचारता जो सरळ चुलीपाशी येतो तो घरचा. "साहेबले घरना दारमाईन बलायं!" आबा आनंदाने ओरडले. "मंग आम्ही काय पाव्हना शेतस का? आम्ही बी तठूनच जासूत!"

ते फाटक एका वेळी एकच माणूस जाईल एवढं अरुंद. साहेब पुढे, त्याच्यामागे आबा, आबांच्या मागे मी आणि मग सगळी रांग. मैदानात चार पावलं गेल्यावर साहेबाने वळून पाहिलं. मागे दहा माणसं! तो जागच्या जागी थांबला आणि मग असा काही हसला की आम्हालाही हसू आवरेना. सेक्रेटरी मोठ्या दाराशी ताटकळत उभा, आणि तिथून कोणीच येईना. नाणेफेकीसाठी त्याने कप्तान कोण म्हणून विचारलं, तेव्हा आम्ही सगळ्यांनी एकाच माणसाकडे बोट केलं.

काय सामना झाला! क्लबाची शेवटची जोडी, त्यांना जिंकायला एकच फटका हवा. दुखऱ्या खांद्याने साहेब धावत आला. चेंडू उंच उडाला, थेट आबांच्या डोक्यावर. "देख!" साहेब जिवाच्या आकांताने ओरडला. आबांनी पाहिलं, हात उचलले, चेंडू हातातून निसटून पोटावर आदळला आणि त्यांनी तो धोतरासकट कवटाळला! आम्ही मैदानात अक्षरशः लोळलो. साहेबाला खांद्यावर घेतलं, आणि त्याचे पांढरे बूट माझ्या कानाला लागत होते, तेही मला गोड वाटले.

पुढे विलायतेत लढाई लागली आणि त्याला मायदेशी परतावं लागलं. आम्ही सगळे त्याला पोचवायला नंदुरबारला निघालो. वाटेवर, बैलगाडीत शेजारी बसलेला असताना, त्याने मला त्या फाटकाचा खरा अर्थ सांगितला. मला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं. "मंग त्या दिन सांगं का बरं नही?" मी विचारलं.

"आबा हासी ऱ्हायंता," तो म्हणाला. "मन्हा देशमा ते नोकरना दार. तुम्हनाकडे घरना दार. मी कोनतं दार लिसू?"

स्टेशनात गोरा साहेब येतोय म्हणून मोठं दार सताड उघडं होतं. देखसाहेबाने तिकडे पाहिलं आणि पेटी उचलून तो मालधक्क्याकडच्या लहान फाटकाशी गेला. आम्ही त्याच्यामागे रांग धरली. आबा मागून म्हणाले, "साहेब, आम्ही मांगे शेतस."

साहेब फाटकातून आत गेला. या खेपेला त्याने वळून पाहिलं नाही. आम्ही मागे आहोत हे त्याला ठाऊक होतं.