पाण्याविना मोहीम

म्युझियममध्ये कुणाशी बोलावं लागत नाही, म्हणून मी दर रविवारी जाते. या परदेशी शहरातही तिथे एक मराठी काका हमखास भेटतात. क्रुसेडच्या, म्हणजे युरोपातल्या जुन्या धर्मयुद्धाच्या, एका भिंतभर चित्रासमोर ते तासभर उभे असतात. चित्रात वाळवंटात, भर उन्हात, चिलखत घातलेले सरदार घोड्यांवर बसलेत. काकांना त्यांच्या धर्मात रस नाही.

"एवढा पत्रा अंगावर, आणि पाण्याची सोय नाही. प्लॅनिंग कुणी केलं यार?" ते दर वेळी मला विचारतात, जणू मी त्या प्रोजेक्टवर होते.

परवा त्यांनी बाटली उघडून एका ओठ सुकलेल्या सरदारापुढे धरली.

"काका, बाटली खाली घ्या," मी चक्क ओरडले.

गार्ड धावत आला. "यांना पुन्हा आत सोडणार नाही. तुमचे कोण हे?"

"अंकल," मी म्हणाले. आपल्याकडे ते खोटं नसतं.

तो नरमला. "मग बाटली तुम्ही सांभाळा. यांचं नाव?"

दोन वर्षांत मी ते विचारलंच नव्हतं. "काका," मी म्हणाले. त्याने 'मिस्टर काका' असं लिहून घेतलं.

आता रविवारी बाटली माझ्याकडे असते. काका सरदाराला समजावतात, "पाणी आलंय रे. परमिशन नाहीये."