भोकरच्या चिमणीचे किशनराव मिस्त्री

किशनराव मिस्त्रींची आणि माझी पहिली भेट भोकरच्या एका जुन्या, कापसाच्या जिनिंगच्या आवारात झाली. लातूरच्या तंत्रनिकेतनात मी नुकतीच शिकवू लागले होते, आणि जिनिंगच्या विटांच्या चिमणीची तपासणी माझ्याकडे आली होती. शिडीच्या अर्ध्यात मी दोन्ही हातांनी पायरी धरून थांबले. खालून मिस्त्रींचा आवाज आला, "म्याडम, भिऊ नका. मी तुमच्या खालच्याच पायरीवर हाय. पाय सुटला तर माझ्या खांद्यावर पडंल."

सांधे सिमेंटने भरावेत, असे मी अहवालात लिहिले होते. मिस्त्रींनी ते ऐकून घेतले आणि मला चिमणीच्या मागच्या अंगाला नेले. तिथे पूर्वी कुणीतरी सिमेंट भरले होते. सांधे शाबूत होते, पण विटांचे पापुद्रे सुटत होते. "शिमिट पान्याला वाट देत न्हाई. मग पानी इटा फोडून निघते," एवढेच ते म्हणाले. मी अहवाल फाडला, आणि मिस्त्रींनी सारे सांधे चुन्याने भरले. चुना किती दिवस भिजवावा, सांधा किती खोल खरवडावा, हे सारे मी त्यांच्याकडून शिकले.

चिमणीभोवती त्यांनी बसवलेला एक लोखंडी पट्टा बोटभर तिरका गेला होता. खालून कुणाला दिसलाही नसता. मिस्त्री आपणहून मालकांकडे गेले, चूक सांगितली आणि उन्हातान्हात पुन्हा वर चढून तो सरळ केला.

त्यांच्या पंचाहत्तरीच्या या अंकात आनंदाचे लिहावे, असा संपादकांचा आग्रह आहे. मला ते जमत नाही.

गेल्या वर्षी मालकांनी चिमणी पाडायला काढली. यंत्राने एका दिवसात आडवी करणार होते. मिस्त्रींना कळताच ते नांदेडहून बसने भोकरला पोचले. चिमणीला शेजारच्या वस्तीकडच्या अंगाला आतून भेग होती, ती फक्त त्यांना ठाऊक होती. धक्का बसला असता तर वरचा भाग घरांवर कोसळला असता. "वरून एकेक इट उतरवा," त्यांनी सांगितले. वर चढायला कुणी धजेना. तेव्हा दोन मजूर सोबत घेऊन, कमरेला दोर बांधून, मिस्त्री स्वतः चढले.

जवळजवळ महिनाभर ते काम चालले. एका दुपारी मी गेले, तेव्हा ते खाली येऊन बसले होते. बोटे सोलवटली होती. मी म्हटले, "मिस्त्री, आता दुसऱ्या कुणाला तरी करू द्या."

"माझाच सांधा मला सोडीना, म्याडम," ते म्हणाले. "इतकं पक्कं कशाला केलं म्हून स्वतःलाच शिव्या देऊन राहिलो."

वस्तीतल्या एकाही घराला ओरखडा आला नाही. कशातून वाचलो, हे तिथे कुणाला माहीतही नाही. मिस्त्रींना मात्र तेव्हापासून धाप लागते. हाताखाली शिकलेले तिघेही हा धंदा सोडून गेले. परवा भेटले तेव्हा विचारत होते, "कुठं एखादी चिमनी उरली का हो?" मला खोटे बोलता आले नाही.

मिस्त्री, तुमची धाप उतरो, गुडघे हलके होवोत, अंगावर ऊन घेत निवांत बसावे अशा पुष्कळ सकाळी तुम्हाला मिळोत. त्या सकाळी करायचे काय, याचे उत्तर माझ्याकडे नाही. तरीही तुम्ही राहा. आम्हाला तुम्ही हवे आहात.