डावा पंचवीस, उजवा तेवीस

ऑक्टोबरातल्या एका मंगळवारी सकाळी मी ऑफिसच्या मीटिंगमध्ये होते. कॅमेरा बंद करून चहा पीत दुसऱ्या कुणाचं तरी बोलणं ऐकत होते आणि फोनवर रुचाचं नाव उमटलं. रुचा ही प्रज्ञामावशीची भाची. सिॲटलला राहते, आदल्या दिवशीच मावशीकडे मुक्कामाला आली होती. "ताई, मावशी उठत नाहीये," ती म्हणाली. मग, "म्हणजे... गेली गं ती." मीटिंग चालूच होती, कुणीतरी माझं नाव घेऊन काही विचारत होतं. खिडकीबाहेर सिॲटलजवळच्या आमच्या बॉथेल गावचं नेहमीचं धुकं होतं, समोरची सीडरची झाडं अर्धीच दिसत होती, आणि मला वाटत राहिलं की मावशी त्या धुक्यातच कुठेतरी वळली आहे, जरा वेळानं दिसेल. झोपेत हृदय थांबलं, असं डॉक्टर म्हणाले. त्रेसष्ट वर्षांची होती.

ती माझी सख्खी मावशी नव्हे. अकरा वर्षांपूर्वी मी व्हिसावर पुण्याहून इथे नोकरीला आले तेव्हा तिच्या घराचं बेसमेंट मी भाड्यानं घेतलं, आणि महिन्याभरात वरच्या स्वयंपाकघरातच जेवायला लागले. ती नागपूरची. औषधशास्त्र शिकून आधी ॲन आर्बरच्या विद्यापीठात संशोधनाला आली, मग इथल्या एका बायोटेक कंपनीच्या लॅबमध्ये वीसेक वर्षं काम केलं. हॉलमध्ये बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर शेजारी शेजारी, आणि चौदा एप्रिलला चाळीस माणसांचा स्वयंपाक एकटी करायची. मी उशिरा आले की जिन्यावरून हाक यायची, "काहून गं, जेवली नाहीस नं?" त्या 'काहून'ला मी पुणेरी हसू हसायचे आणि पानावर बसायचे.

मावशी थोडी लंगडायची. दीड वर्षाची असताना पोलिओ झाला होता. उजवा पाय बारीक राहिला, घोट्यातून वर उचलला जात नसे. पण तिचा तो पाय मी कधी पाहिला नव्हता. आपल्या घरांत सगळे दारात चपला काढून अनवाणी फिरतात. मावशी मात्र भर उन्हाळ्यातसुद्धा जाड लोकरी मोजे घालायची, आणि उजव्या मोज्यात पुढे काहीतरी भरलेलं असायचं. पौर्णिमेच्या वंदनेला कुणाच्याही घरी जमलो तरी ती भिंतीशी बसून पायांवर शाल ओढून घ्यायची. आम्ही कुणी विचारलं नाही. तीही बोलली नाही.

तिच्या आयुष्यात स्की आले ते बावन्नाव्या वर्षी. आमचा मराठी ग्रुप मुलांना बर्फात घसरगुंडी खेळायला कॅस्केड्सच्या डोंगरांत घेऊन गेला होता. मी आणि मावशी लॉजच्या काचेशी सूप पीत बसलो होतो. बाहेर बर्फ इतका हळू पडत होता की तो पडतोय की वर जातोय ते कळत नव्हतं. त्यातून एक पांढऱ्या केसांची बाई उतरत आली. ती इतरांसारखी दोन्ही पाय जुळवून येत नव्हती. प्रत्येक वळणावर तिचा एक पाय पुढे जायचा, मागचा गुडघा बर्फाला टेकेल इतका खाली जायचा आणि मागची टाच उचलली जायची. मग पाय बदलून पुन्हा तसंच. मावशीचं सूप गार झालं. ती बाई आत आली तेव्हा मावशी उठून तिच्याकडे गेली आणि परत येऊन म्हणाली, "याला टेलिमार्क म्हणतात. टाच स्कीला बांधत नाहीत बघ. फक्त चवडा अडकवतात. टाच मोकळी." परतीच्या वाटेवर म्हणाली, "बांधलेली टाच म्हटली की मला ते लोखंड आठवते."

तेव्हा पहिल्यांदा तिनं मला कॅलिपरबद्दल सांगितलं. गुडघ्यापर्यंत लोखंडी पट्ट्या आणि खाली सरकारी दवाखान्यातून मिळालेला तपकिरी बूट. पोर वाढणार म्हणून बूट नेहमी मोठाच द्यायचे. पुढे कापूस कोंबायचा. शाळेतून येईपर्यंत घोट्याला फोड. वडील रात्री... नाही, वडिलांचं ती सांगता सांगता थांबली. एवढंच म्हणाली, "पायाला बूट बसला पाहिजे गं पोरी. आमच्याकडे बुटाला पाय बसवत होते."

पुढच्या शनिवारी तिनं मला गाडी काढायला लावली. डोंगराच्या पायथ्याशी एका गावात स्कीचं जुनं दुकान होतं, आत मेणाचा आणि ओल्या लोकरीचा वास. बूट बसवणारा माणूस सत्तरीचा, वॉल्ट नावाचा. त्यानं मावशीला बाकावर बसवलं, स्वतः समोर बुटक्या स्टुलावर बसला आणि म्हणाला, "मोजे काढा." मावशी हलली नाही. "मोज्यावरून माप घ्या ना," ती म्हणाली. वॉल्टनं घाई केली नाही. म्हणाला, "घेतो. पण मग बूट मोज्याला बसेल." मावशीनं माझ्याकडे पाहिलं. मी उठून बाहेर जायला निघाले तर म्हणाली, "बस तू." आणि तिनं आधी डावा मोजा काढला, मग उजवा.

लहान मुलीचा असावा तसा तो पाय होता. गोरटा, थंड, बोटं एकमेकांवर चढलेली, घोटा माझ्या मनगटाएवढा. वॉल्टनं तो दोन्ही तळव्यांत धरला आणि नुसता धरून ठेवला... ऊब येईपर्यंत असेल. मग अंगठ्यानं घोट्याचं हाड चाचपलं, चवडा कुठे वाकतो ते दाबून पाहिलं. मावशी समोरच्या भिंतीकडे बघत होती. तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ती ते पुसत नव्हती.

त्या दिवशी बुटांविषयी मी जेवढं शिकले तेवढं माझ्या पायांविषयी मला कधी ठाऊक नव्हतं. बुटाला बाहेर प्लास्टिकचं कठीण कवच असतं आणि आत काढता-घालता येणारा फोमचा मऊ अस्तर-बूट. वॉल्टनं आधी तो अस्तर-बूट काढून ठेवला आणि मावशीचा पाय नुसत्या कवचात सरकवला. बोटं पुढे टेकवायची आणि टाचेमागे किती जागा उरते ते बोटांनी मोजायचं. दोन बोटांपेक्षा जास्त उरली तर बूट मोठा. टेलिमार्कच्या बुटाला चवड्याजवळ घड्या असतात, हार्मोनियमच्या भात्यासारख्या. गुडघा खाली गेला की बूट तिथे वाकतो. "तुमचा पाय जिथे वाकतो तिथेच हा वाकला पाहिजे," वॉल्ट म्हणाला, "नाहीतर प्रत्येक वळणाला घडी बोटांवर बसेल." डाव्या पायाला पंचवीस नंबरचा, म्हणजे पंचवीस सेंटिमीटर पायाचा, बूट बरोबर बसला. उजव्याला चोवीस घालून पाहिला. घडी पुढे पडत होती. बावीसमध्ये बोटं दुमडली. तेवीसमध्ये मावशी उभी राहिली, गुडघा वाकवला आणि तशीच राहिली.

"काय झालं?" मी विचारलं.

"घोटा उभा राहिला," ती म्हणाली. "बाप्पा... घोटा आपला आपण उभा राहिला."

दुकानात जोड फोडून देत नव्हते. म्हणून तिनं दोन जोड घेतले, एक पंचवीसचा, एक तेवीसचा. मग वॉल्टनं दोन अस्तर-बूट छोट्या भट्टीत गरम केले. फोम ऊन आणि मऊ असतानाच पाय घालून, बक्कल आवळून, दहा मिनिटं न हलता उभं राहायचं. फोम थंड होताना पायाचा आकार धरतो. उजव्या घोट्याभोवती त्यानं जादा फोम चिकटवला होता. मावशी एका फळीवर डोळे मिटून उभी होती, कुणी तिचा फोटो काढत असल्यासारखी.

ती पुढे फार मोठी स्कीपटू वगैरे झाली नाही. सोप्या उतारांवरच राहिली, दोन हिवाळे नुसती पडली. पण दर शनिवारी गेली. मी खाली थर्मास घेऊन बसायचे. वर ढग उतारावर टेकलेले असायचे आणि त्यातून माणसं एकेक करून निघायची, आवाज न करता, झोपेतून निघावीत तशी. मावशी लाल जॅकेट घालायची. आधी लाल ठिपका, मग तो ठिपका डावीकडे बुडायचा, उजवीकडे बुडायचा, आणि मग मावशी. बर्फावर ती लंगडत नव्हती. दोन्ही पायांना आळीपाळीनं वाकायचंच असतं तिथे, मग कोण लंगडा आणि कोण धड.

उरलेले दोन बूट, डावा तेवीस आणि उजवा पंचवीस, दुकानातच पडून होते. वॉल्टनं फळ्यावर कार्ड लावलं, न वापरलेले, असा उलटा जोड कुणाला हवाय का म्हणून. दोन वर्षं कुणी फिरकलं नाही. मग आयडाहोहून एका बाईचा फोन आला. रूथ तिचं नाव, मावशीहून आठेक वर्षांनी मोठी. जन्मतः डावा पाय आत वळलेला, लहानपणी ऑपरेशनं, आणि आता डावा तेवीस, उजवा पंचवीस. तिच्या ओळखीच्या कुणीतरी ते कार्ड पाहिलं होतं. मावशीनं बूट पाठवले, पैसे घेतले नाहीत. बदल्यात रूथनं प्लमचा जॅम पाठवला. त्यानंतर दर रविवारी दुपारी दोघींचा फोन व्हायचा. स्पीकर चालू ठेवून मावशी पोळ्या लाटायची. बोलणं बर्फाचं, गुडघ्यांचं, नखांचं, बोटांत कापूस कसा ठेवायचा याचं. पन्नास वर्षं कुणाशी न बोललेलं सगळं. "माझ्या दुसऱ्या पायांची बाई," असं ती रूथला म्हणायची. भेटायचं दर वर्षी ठरायचं. कधी रस्ते बंद, कधी कुणाचं दुखणं... त्या भेटल्या नाहीत.

रूथला कळवायचं काम माझ्यावर आलं. मी रविवारी दुपारीच मावशीच्या फोनवरून लावला. तिनं उचलून "प्रज्ञा" म्हटलं. मी सांगितलं. पलीकडे लांबून कुत्रा भुंकत होता. मग ती म्हणाली, "तुझ्या पायाचा नंबर काय?"

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "तेवीस."

"दोन्ही?"

"दोन्ही."

"माझे गुडघे गेल्या वर्षीच संपले," रूथ म्हणाली. "डावा पाठवते."

नोव्हेंबरात खोकं आलं. मावशीचे बूट रुचानं आधीच मला देऊन टाकले होते, "तूच जायचीस ना तिच्याबरोबर," असं म्हणून. मी खोकं उघडून रूथचा डावा आणि मावशीचा उजवा शेजारी ठेवला. एकाच तेवीसच्या जोडाचे, पण डावा उन्हानं फिका झालेला आणि उजव्याच्या टोकाला ओरखडे. मी टेलिमार्क कधी केलं नव्हतं. अकरा वर्षं नुसती खाली बसले होते.

वॉल्ट आता आठवड्यातून दोनच दिवस येतो. मी बातमी सांगितली तेव्हा त्यानं चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग दोन्ही अस्तर-बूट बाहेर काढून पाहिले आणि म्हणाला, "फोम अजून चांगला आहे. गरम करून तुमच्या पायावर बसवू."

"डावा करा," मी म्हटलं. "उजवा राहू दे."

त्यानं उजव्याच्या आत हात घातला. घोट्याजवळ तिथे फोमचा बारीक गळा होता, आणि पुढे बोटांची चढलेली ओळ. "हा तुमच्या घोट्याला लागेल," तो म्हणाला.

"लागू दे."

डिसेंबरच्या पहिल्या शनिवारी मी एका स्की-शिक्षिकेबरोबर बर्फावर गेले. धुकं होतं. तासाभरातच उजवा घोटा ठणकायला लागला. तरी मी वळणं घेत राहिले. मला ते दुखणं बरंसुद्धा वाटत होतं, जणू मावशीनं घोटा धरून ठेवलाय. दुपारी गाडीशी येऊन बूट काढला तर मोजा रक्तानं चिकटला होता. पार्किंगमध्ये एक पाय बर्फात ठेवून मी बसून राहिले, आणि हळूहळू मला माझीच लाज वाटायला लागली. ज्या फोडांमधून सुटायला ती बावन्नाव्या वर्षी अनोळखी माणसासमोर मोजा काढून बसली, ते फोड मी तिच्या आठवणीच्या नावाखाली हौसेनं करून घेत होते.

जखम भरायला दोन आठवडे गेले. मग मी दुकानात परत गेले. वॉल्टनं भट्टी लावली, घोट्याजवळ स्वतःच चिकटवलेला तो जादा फोम सोलून काढला आणि मुठीत धरून ठेवला. मग खिशात टाकला. गरम अस्तर-बुटात मी पाय घातला, त्यानं बक्कल आवळलं आणि मी फळीवर उभी राहिले.

"दहा मिनिटं हलू नका," तो म्हणाला.

बाहेर बर्फ सुरू झाला होता. आधी नुसती ऊब कळली. मग घोट्यापाशी ती अरुंद जागा, अजून तिची, तिच्याच मापाची. बोटांवर त्या चार उंचवट्यांचा दाब. मी श्वाससुद्धा हळू घेत होते. आणि मग कुठेतरी ती जागा सैल व्हायला लागली, सावकाश, कुणी झोपेत कूस बदलावी तशी... माझा पाय आत उतरत गेला. खाली बघायची हिंमत झाली नाही. वॉल्ट घड्याळाकडे बघत उभा होता, एक हात खिशात.

"झालं," तो म्हणाला. "चालून बघा."

मी चालून पाहिलं. कुठेच दुखत नव्हतं.